पाचापर्यंत धर, दहापर्यंत सोड

केरी, पेडणे
११ नोव्हेंबर २०२४

दादा,

पाया पडते. म्हणजे पडले असते, पण आता वाकले की उठवायला दोघं लागतात, म्हणून इथूनच.

पत्र बघून तू दचकशील. खिशात फोन असताना हिला ही कसली हुक्की आली! पण फोनवर तू बोलतोस काय ते सांग. "बरी मगे?" म्हणतोस नि माझं "हो" संपायच्या आत फोन विनितावहिनीच्या हातात. मला जे विचारायचंय ते वहिनीला ऐकवायचं नाही आणि इथे मुलाला-सुनेलाही नाही. आमचं घर तुला ठाऊक आहे, स्वयंपाकघरात शिंकलं तर ओटीवरून कोणीतरी 'सत्य' म्हणतं. म्हणून सुनेकडून, सिद्धीकडून, नुसती पोस्टाची पाकिटं आणवली. ती म्हणाली, "आई, कोणाक लिवतात?" म्हटलं, माझ्या मास्तराक.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात तपासणीला गेले होते. शिडीवरून पडल्याला दोन वर्षं होऊन गेली, आता ते नेहमीचंच झालंय. मूत्रपिंडाचा फोटो, लघवीची तपासणी, 'बऱ्या आहात' म्हणून घरी. या खेपेला मात्र एक नवी फिजिओ होती. गौरवी नाव, वाळपईची, आमच्या सिद्धीपेक्षा लहान. फाइल चाळली नि एकदम म्हणाली, "मावशी, खालचे व्यायाम करतात मगे? सुरवातीक दिल्ले ते?"

मी म्हटलं, पायांचे करते, हातांचे करते, खालचे कसले? तिने पडदा ओढला, हातमोजा चढवला. मी छतावरच्या पंख्याकडे बघत पडले. म्हणाली, वारा सुटतोय तो अडवल्यासारखं आतून ओढून धरा. मी धरलं. ती म्हणाली, "असा! मावशी, जीव असा हेच्यात."

मग तिने समजावलं. माझा मज्जारज्जू तुटलेला नाही, चेपलेला आहे. त्यातून एखादा धागा अजून निरोप पोचवतो. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय आणि आतडं तीच सावरून धरते. त्या झोळीत थोडी जरी हालचाल शिल्लक असली तरी व्यायामाने ती वाढवता येते. सगळ्यांनाच नाही येत, पण मला येईल असं तिला वाटतं. आणि मग तिने फाइलमधलं एक पान दाखवलं. सप्टेंबर २०२२, मी खाटेवर होते तेव्हाचं. 'व्यायाम नातेवाइकांना समजावून दिले. कागद दिला.'

नातेवाईक म्हणजे तूच ना रे? माझा अमोल तेव्हा बोटीवर होता, त्याचं लग्नही व्हायचं होतं. वहिनी दुपारची पेज घेऊन यायची. सकाळी डॉक्टर फिरायचे तेव्हा माझ्या उशाशी तूच असायचास. असा कागद आठवतो का? तू तर पहिल्या नोकरीतला हजेरीपटही जपून ठेवणारा माणूस.

हे लिहिताना कान गरम झालेत, पण लिहिते. चार चार तासांनी नळी घालून लघवी काढते ते वेगळंच. त्या मधल्या वेळात हसले, खोकले, चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर सरकले की कपडे ओले. म्हणून मी कुठे जात नाही. दोन चवथी झाल्या, माहेरच्या गणपतीपुढे बसले नाही. आपल्या घरच्या आरत्या, घुमट-शामेळ बडवत, सव्वा तास चालतात. तेवढा सव्वा तास मी लोकांत बसले, तर मला दुसरं काही नको.

तुझी,
विमल


कारापूर
२९ नोव्हेंबर २०२४

विमल,

तुझा वाकून न केलेला नमस्कार पोचला. आशीर्वाद तोच, जुना. अक्षर अजून तसंच आहे, काना मोडलेला. चौथीत मीच तुला शिकवायला होतो, तेव्हा दोष माझ्याकडेच येतो.

उत्तराला उशीर झाला. शेजारी रुद्रेशच्या घरी कार्य होतं, मग विनिताला ताप आला, आता बरी आहे.

कागदाचं म्हणशील तर त्या दिवसांत कागद पुष्कळ होते. तपासण्यांचे, औषधांचे, सह्यांचे. माझं डोकंही ठिकाणावर नव्हतं. असा निराळा कागद चटकन आठवत नाही. बघतो शोधून. पण आता ती मुलगी शिकवतेच आहे, तर जुन्या कागदाची एवढी गरज काय? तिचं ऐक. नेमाने कर. मात्र व्यायाम सुरू केला म्हणून नळीची वेळ चुकवू नये, आणि लघवीची धार मध्येच अडवून सराव करण्याच्या फंदात पडू नये, त्याने अपाय होतो.

तू लिहिलंस की सव्वा तास बसता आलं तर दुसरं काही नको. ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तुझ्या या दशेला मी कारण आहे. यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

तुझा,
सगुणदादा


केरी
१४ जानेवारी २०२५

दादा,

तिळगूळ सिद्धीने करून ठेवलाय, येशील तेव्हा खा. येणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावलंय.

व्यायामाची गंमत ऐक. पहिले पंधरा दिवस मी सगळं उलटं केलं! गौरवीने सांगितलं, आतून वर ओढा. मला या भागाचा एकच व्यायाम माहीत, अमोलच्या वेळी सुईण शिकवून गेली तो. "जोर कर बाये, जोर कर!" मी पलंगावर पडून दात-ओठ खाऊन खाली जोर लावत होते. परिणाम काय झाला असेल तो तूच समज, दिवसातून तीन चादरी. दुसऱ्या खेपेला गौरवीने हात ठेवून बघितलं आणि हसतच सुटली. "मावशी, तुमी तर बाळंत होतात! बाळाक परत आत घेवचा असा." मीही हसले, आणि हसले म्हणून पुन्हा चादर.

आता जमतं. उताणी पडते, गुडघ्यांखाली उशी. पोट सैल, ढुंगण सैल, मांड्या सैल, फक्त आतली झोळी वर ओढायची. पाच आकडे धरायचं, दहा आकडे सोडायचं. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं म्हणे, नाहीतर स्नायू दमून जातो. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. मी कोंडते. म्हणून गौरवी म्हणते, "आकडे मोठ्यान म्हणा, म्हणजे श्वास आपसूक चलता." तर मी मोठ्याने मोजते. पण मोजताना चोरी करते रे! दमले की दोनानंतर थेट पाच. तुझ्या वर्गात असते तर छडी खाल्ली असती. दुसऱ्या कोणी मोजून दिलं तर बरं, पण सिद्धीला कसं सांगू? तिला वाटतं मी जनेलातून शेजारच्या कोंबड्या मोजते.

फरक अजून फारसा नाही. एकच सांगते. परवा शिंक येणार असं कळलं, तेवढ्यात आतून ओढून धरलं, आणि शिंक कोरडी गेली. मी एवढी खूश झाले की सिद्धीला हाक मारली, आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी पाणी मागितलं.

आता तुझं. तुझ्या दशेला मी कारण, असं तू लिहितोस. ते मनातून काढून टाक. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी दर वर्षी मीच बांधायची. गणपतीच्या डोक्यावरची ती चौकट, तिला फळं न् रानातलं कायकाय लटकवायचं, त्यात मला कधी कोणाचा हात लागलेला खपला नाही. सुपारीचा घोस कोपऱ्यात बांधायचा म्हणून शिडीवरून वाकले ती मी. शेणाने सारवलेली जमीन ओली होती, शिडीचा पाय सरकला. तू शिडी सोडली नव्हतीस, शिडीबरोबर तूही पडलास, तुझी कोपरं सोलवटली होती. देवाशप्पत सांगते, शिडीसाठी मी तुला एक दिवस, एक क्षण दोष दिला नाही. दुसरं काही मनात असेल तर ते तू जाणे.

तुझी,
विमल


कारापूर
९ मार्च २०२५

विमल,

शिडी नव्हे.

हे दोन शब्द लिहायला मला दीड महिना लागला. गावात शिगम्याची तयारी चालली आहे, ढोल वाजताहेत, आणि मी आतल्या खोलीत दार लावून बसलोय. विनिताला सांगितलं की पेन्शनचं काम आहे. तेही खोटंच.

शिडीबद्दल तू मला क्षमा केलीस, ती माझ्या कामाची नाही, कारण माझा अपराध तो नाही. कागद होता. कागद आहे. या पत्राबरोबर पाठवतोय. शोधावा लागला नाही. शब्दकोशाच्या 'ल' अक्षराच्या पानात मी तो ठेवला होता, आणि तो तिथे आहे हे मला रोज माहीत होतं.

तू खाटेवर होतीस त्याच्या बाराव्या-तेराव्या दिवसाची सकाळ. इंजेक्शन देऊन तुला निजवलं होतं. तरुण डॉक्टर होता, बेळगावकडचा, मराठी स्वच्छ बोलणारा. त्याने मला पडद्याच्या बाहेर जनेलापाशी नेलं. म्हणाला, तुमच्या बहिणीच्या बाबतीत आशा आहे. मग त्याने खिशातलं पेन काढून कागदावर ती झोळी काढली, आणि एकेक अवयवाचं नाव घेऊन सांगू लागला. कुठे ओढायचं, कसं ओढायचं, कुठे बोट ठेवलं की स्नायू हलतो का ते कळतं. विमल, तो माझ्या बहिणीच्या अंगाबद्दल बोलत होता. मी खालच्या आवारातली रुग्णवाहिका बघत "होय, होय" म्हणत होतो. त्याने काही चुकीचं केलं नाही. त्याने समजावलं, मला समजलंही. शेवटी म्हणाला, आजपासूनच शिकवा, पहिले महिने मोलाचे असतात.

मी चौतीस वर्षं पाचवी-सहावीला शरीराचा धडा शिकवला. पचनसंस्था तोंडापासून सुरू करायचो आणि मोठ्या आतड्यापाशी येऊन खडू खाली ठेवायचो. पुढचं घरी वाचा, असं म्हणायचो. आत येऊन बघतो तर तू जागी. "डॉक्टर काय म्हणालो?" असं विचारलंस. मी म्हटलं, "नीट जेव म्हणालो."

कागद विनिताला दिला असता तर काम झालं असतं. पण कागद इंग्रजीत, ती विचारणार हे काय, आणि मला ते तोंडाने सांगावं लागणार. उद्या सांगू, परवा सांगू. मग घरी न्यायचा दिवस आला. गाडीत तू विचारलंस, "दादा, हे पाण्याचा असाच रवतला?" पुढे ड्रायव्हर बसला होता, गौरेश, माझाच विद्यार्थी. तो आरशातून मागे बघत होता. मी म्हटलं, "असाच रवतला म्हणालो डॉक्टर." असंच राहणार, एवढंच ऐकून तू तोंड फिरवलंस.

त्यानंतर कागद देणं म्हणजे ते खोटं उघडं करणं होतं. एकदा खोटं बोललं की त्याची राखण करत बसावं लागतं, आणि मी ती इमानाने केली. अमोलच्या लग्नात मामा म्हणून मी अंतरपाटाशी उभा होतो. मंगलाष्टकं सुरू झाली नि तू खुर्ची वळवून खोलीत गेलीस. लोक म्हणाले, विधवा बाई आहे, मन भरून आलं असेल. मला माहीत होतं तू का गेलीस. मी अक्षता टाकल्या.

तू नोव्हेंबरात विचारलंस तेव्हाही मी लिहिलं की आठवत नाही. त्या वेळी माझ्या समोर टेबलावर शब्दकोश होता.

मला क्षमा कर असं लिहायचा हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

सगुण


कारापूर
२७ एप्रिल २०२५

विमल,

तुझं उत्तर नाही. ते येऊ नये हेच बरोबर आहे. अमोलला फोन केला, तो म्हणाला आई बरी आहे. तेवढ्यावर मी फोन ठेवला.

परवा मी केरीला आलो होतो. पेडण्याहून बस बदलून, हातात काजूच्या बियांची पिशवी. तुमच्या गडग्याबाहेर फणसाखाली उभा राहिलो. तू ओटीवर खुर्चीत बसली होतीस, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी समजलो काय चाललंय ते. दोनानंतर एकदम पाच म्हणालीस तेही दिसलं. आत आलो नाही. पिशवी गडग्यावर ठेवली आणि परतीच्या बसने आलो.

सगुण


केरी
१६ जून २०२५

दादा,

बिया मिळाल्या. सिद्धीला वाटलं माकडांनी आणून टाकल्या.

सव्वातीन महिने लिहिलं नाही ते मुद्दाम. रागावले होते. तुझं पत्र वाचून उशीखाली घातलं आणि सिद्धीला सांगितलं डोकं दुखतंय. पुढचे चार दिवस तुला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या अख्ख्या जन्मात कोणाला घातल्या नसतील. माझ्या एकुलत्या एका मुलाच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी खोलीत परकर बदलत होते. तू बघत होतास! ती वेळ मला परत आणून दे बघू. नाही ना येत?

मग गौरवीला विचारलं, दोन वर्षं आधी सुरू केलं असतं तर? ती म्हणाली, "मावशी, सांगूक येवचा नाय. कदाचित जास्त बरा झाला असता, कदाचित इतक्याच. मी खोटा कशाक सांगू?" म्हणजे तू माझं किती नुकसान केलंस ते तुलाही कधी कळणार नाही, मलाही नाही. हे असंच दोघांनी बाळगायचं.

आता माझं ऐक. खरं तर गप्प राहिले ती नुसत्या रागाने नव्हे.

त्या सकाळी मी झोपले नव्हते.

इंजेक्शनने अंग जड झालं होतं, पण कान शाबूत होते. पडदा म्हणजे काय, कापडच की रे. डॉक्टरचा शब्द न् शब्द मी ऐकला. आशा आहे, हेही ऐकलं. पण त्या क्षणी मला आशेचं काही वाटलं नाही. माझ्या भावाला उभं राहून माझ्या अंगाबद्दल हे ऐकावं लागतंय, या विचाराने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू आत आलास तेव्हा मी आत्ताच जाग आल्यासारखे डोळे चोळले आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणालो. तू म्हणालास, नीट जेव. आणि दादा, मला सुटल्यासारखं वाटलं! बरं झालं, हा बोलला नाही, आता मलाही ऐकावं लागणार नाही.

गाडीत पुन्हा विचारलं, कारण तोवर सुटका संपली होती आणि चादरी सुरू झाल्या होत्या. तू म्हणालास असाच रवतला. ते डॉक्टरचे शब्द नव्हेत हे मला ठाऊक होतं. तरी तोंड फिरवलं. "दादा, तो कागद दी" एवढंच म्हणायचं होतं. दोन वर्षं म्हटलं नाही. मनाची समजूत घातली की डॉक्टरने मागाहून तुला एकट्याला काही वेगळं सांगितलं असेल.

नोव्हेंबरातलं माझं पत्र हे सोंग होतं. गौरवीने फाइल दाखवली तेव्हा मी दचकले नाही, नुसती लाजले. वाटलं, आता लिहून विचारावं, तोंडाने नाही तर कागदावर तरी हा सांगेल. तू 'आठवत नाही' लिहिलंस आणि त्याच पत्रात लघवीची धार अडवून सराव करू नये म्हणून उपदेशही केलास. अरे मास्तर, हे तुला कोण सांगणार, त्या कागदाशिवाय? गौरवीने मला ते डिसेंबरात सांगितलं. म्हणून मग शिडीचं लिहिलं. तुझ्यासाठी दार किलकिलं करून ठेवलं होतं.

तेव्हा सगळा अपराध एकट्याने उचलून मिरवू नकोस. माझा वाटा माझ्याकडे राहू दे. तू माझी लाज राखलीस, मी तुझी राखली, आणि त्यात माझं अंग वाया गेलं.

पण सुटलास असं समजू नकोस. शिक्षा आहे. रोज सकाळी साडेसहाला मला फोन करायचा. स्वतः. 'बरी मगे' नको, वहिनीकडे देणं नको. आकडे मोजायचे. एक ते पाच, मग एक ते दहा, असं दहा वेळा. मला चोरी करू द्यायची नाही. आणि हे कशासाठी मोजतोस ते वहिनीला सांगायचं, शब्द न गाळता. मी सिद्धीला काल सांगितलं. ती म्हणाली, "आई, इतकाच? माका वाटला तुमी जप करतात."

तुझी,
विमल


कारापूर
१ जुलै २०२५

विमल,

विनिताला सांगितलं. कागदाचं, डॉक्टरचं, गाडीतलं, सगळं. ती पोळ्यांचं पीठ मळत होती, हात तसेच पिठात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाईल मी असा तुमची. माझ्याकडे दिलो असतो कागद तर काय झाला असता?" ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिनेच फोन चार्जिंगवरून काढून माझ्यासमोर ठेवला.

आज पहिल्या सकाळी मी तीनावर अडकलो, ते तुला कळलंच. मग तुझा दबलेला आवाज आला, "दादा, चार म्हण. मी धरून असा." पन्नास वर्षांच्या ओळखीत मला एवढी शरम कधी वाटली नव्हती. उद्या अडकणार नाही.

न्हाणीचं दार रुंद करून घेतोय, खुर्ची आत जाईल. येण्याचा आग्रह मी करत नाही. दार करून ठेवतो.

सगुणदादा


केरी
३१ ऑगस्ट २०२५

दादा,

काल संध्याकाळी घरी पोचलो. वहिनीने बांधून दिलेल्या नेवऱ्या अर्ध्या वाटेत संपल्या, अमोलला रागव.

तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत.

नळी करूनच मी गणपतीपुढे बसले. दाराजवळ बसवलंस ते बरं केलंस, पळायला सोपं. माटोळीकडे बघून डोळे भरले. सुपारीचा घोस वाकडा बांधलाय, कोणी बांधला ते विचारत नाही. पहिल्या तीन आरत्या निभावल्या. घुमट तापले, पोरं नाचायला लागली, मीही गळा मोकळा सोडला. आणि मग शेवटच्या मोठ्या आरतीत वरच्या सुराला गेले नि खालून इशारा आला. न्हाणी तुझ्या नव्या दारापलीकडे दहा पावलांवर. पण मध्ये सगळं घर उभं. मी खुर्चीच्या चाकावर हात ठेवला. अमोलच्या लग्नात ठेवला होता तसाच.

तू झांज वाजवत होतास. तुझं लक्ष माझ्या हाताकडे कसं गेलं? झांज रुद्रेशच्या हातात देऊन तू माझ्यापाशी आलास, गुडघ्यावर बसलास आणि मोठ्याने सुरू केलंस, "एक, दोन, तीन..." घुमटांच्या वर आवाज चढवून. पाच. मग दहा. पुन्हा पाच. आरती गात होती ती माणसं गायची थांबून बघायला लागली. रुद्रेशच्या आजीने विचारलंच, "सगुण, आरतीत आकडे कसले रे मोजतस?"

मला वाटलं आता हा म्हणणार, नीट जेव.

तू उभा राहिलास. कपाळावर घाम होता. वर्गात बोलतोस त्या आवाजात म्हणालास, "आजी, विमलाच्या मणक्याक मार लागलो, त्यामुळे लघवी धरूक कठीण जाता. ओटीपोटाच्या तळाक स्नायू असतत, ते ओढून धरलेर ती थांबता. मी आकडे मोजतंय, ती धरता. हा मी तिका तीन वर्षां आदी शिकवचा होता. शिकवूक नाय. माझी चूक." कान लाल झाले होते तुझे, पण एक शब्द गाळला नाहीस.

आजी म्हणाली, "माका पण शिकव रे, माझा पण शिंकल्यार जाता." आणि सगळ्या बायका हसल्या, वहिनी सगळ्यात जास्त. आरती पुन्हा सुरू झाली.

तू मागाहून विचारलं नाहीस, म्हणून सांगते. मी कोरडी राहिले नाही. थोडी ओली झालेच. शेवटच्या कडव्याला. कोणाला कळलं असेल तर कळो. पण दादा, मी जागची हलले नाही. आरतीचं तबक माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी तिथेच होते.

अमोलच्या लग्नाचं अजूनही आठवतं. ते जाणार नाही, तुझंही जाणार नाही, जाऊ नये.

गौरवी म्हणते, आता सहापर्यंत धरायला हरकत नाही. उद्या साडेसहाला फोन कर, आणि पाचावर थांबू नकोस.

तुझी,
विमल